डावीकडची पट्टी

डेटाबेसचं कुठलंही नवं टूल विकायला येतं तेव्हा त्याच्या डावीकडच्या पट्टीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच टेबलं असतात. ओरॅकलच्या जुन्या नमुना-डेटाबेसात तर चारच होती: एम्प, डेप्ट, बोनस आणि सॅलग्रेड. कर्मचारी 14, विभाग 4. लॉगिन स्कॉट, पासवर्ड टायगर. स्कॉट म्हणजे कंपनीच्या सुरुवातीच्या काळातले ब्रूस स्कॉट आणि टायगर म्हणजे त्यांच्या घरची मांजर. इतक्या आटोपशीर संसारात कुठलाही इंटरफेस सुबकच दिसणार. विकणारा एम्पवर क्लिक करतो, 14 माणसं पटकन हजर होतात, साहेब मान डोलावतात आणि खरेदीच्या कागदावर सही होते.

मग तेच टूल हिंजवडीतल्या एखाद्या टेबलावर (हे लाकडी) येतं आणि सॅपच्या डेटाबेसला जोडलं जातं. तिथे टेबलं हजारोंनी मोजावी लागतात. वर नावं जर्मन शब्दांची आखडलेली रूपं. हिशेबाच्या कागदाचं शीर्ष बीकेपीएफमध्ये, ग्राहक केएनए1मध्ये, पुरवठादार एलएफए1मध्ये. पट्टी हे सगळं मुळाक्षरांच्या क्रमाने निमूटपणे ओळीने मांडते. मुळाक्षरांचा क्रम ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्या कामाचा. ज्याला नाव ठाऊक आहे तो टाइप करून मोकळा होतो, पट्टीकडे बघतच नाही. म्हणजे ही सोय नेमकी कुणाची केली आहे?

बरं, क्रम तरी धड असावा! वर्डप्रेसच्या एकाच मांडणीवर अनेक साइट चालवल्या की प्रत्येक साइटला स्वतःचा टेबलांचा संच मिळतो आणि साइटचा आकडा नावात घुसतो. आता यादी अक्षरं बघून लावली, तर डब्ल्यूपी_10_पोस्ट्स हे डब्ल्यूपी_2_पोस्ट्सच्या आधी उभं. दहावा नंबर दुसऱ्याच्या पुढे घुसला तर रेशनच्या रांगेत मारामारी होईल. इथे आपण माउसचं चाक फिरवत बसतो.

पट्टीची रुंदी हा आणखी एक नमुना. ओरॅकलने वर्षानुवर्षं नावाला 30 बाइटांची मर्यादा ठेवली होती, म्हणून लोक स्वर गाळून नावं कोंबत. पुढे 12.2 आवृत्तीत ती 128 झाली. लोकांनी लगेच हात सैल सोडला. पट्टी मात्र होती तेवढीच राहिली. नावाची सुरुवात सगळीकडे सारखी, कंपनी-विभाग-प्रकल्प. फरक असतो तो शेपटाला आणि पट्टी नेमकी शेपूट कापून तिथे तीन टिंबं ठेवते. एकाखाली एक चाळीस ओळी, चाळीसही सारख्या. टिंबांवर माउस धरला की पूर्ण नाव दिसतं, असं मदत-पानात लिहिलेलं असतं. चाळीस वेळा धरा.

शिवाय बिनकामाची बिऱ्हाडं. मूळ टेबलाशेजारी त्याचं _ओल्ड, त्याच्याशेजारी _बॅकअप, मग _न्यू, _फायनल, _फायनल2 आणि टेस्ट_डोन्ट_डिलीट. शेवटचं कुणी केलं हे कुणाला आठवत नाही, त्यामुळे ते अजरामर. शेवटचा बदल कधी झाला, आत ओळी किती, कुणी वाचतं का, यातलं बरंच काही डेटाबेसाला माहीत असतं. पट्टीला विचारलं तर ती सगळ्यांना एकाच मापाचं, एकाच रंगाचं चित्र लावते. चालू टेबल आणि मढं यांना समान वागणूक. समता म्हणावी तर हीच.

यावर उतारा म्हणून ‘डायग्राम’ नावाचं बटण असतं. दाबलं की टेबलांच्या चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा उमटतात. चार टेबलांना छान. चारशेंना दाबलं की पंखा घरघरतो आणि पडद्यावर जे येतं ते पाहून कुणालाही भोवळ येईल. उलट वर्डप्रेसची मूळ 12 टेबलं घ्या. चौकटी 12 आणि रेघ एकही नाही, कारण त्यांच्यातली नाती डेटाबेसात फॉरेन की म्हणून नोंदवलेलीच नाहीत, ती प्रोग्रामच्या पोटात आहेत. सॅपचंही तेच.

गंमत म्हणजे एडगर कॉड यांनी 1970 साली आयबीएममध्ये बसून हा सगळा टेबलांचा प्रकार मांडला, तेव्हा पहिला आग्रह हाच होता की यंत्राच्या आत माहिती कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला कळण्याची गरज पडू नये. शब्द पाळला गेला. डिस्कवर काय कुठे आहे हे आज कुणी विचारत नाही. फक्त काही हजार नावं तोंडपाठ असली की झालं. त्याच कॉडनी 1985च्या नियमांत टेबलांची माहितीही टेबलांतच ठेवा असं सांगितलं. म्हणून मुरलेली मंडळी पट्टी मिटून टाकतात आणि इन्फर्मेशन स्कीमावर क्वेरी लिहून कुठल्या टेबलात कुठला कॉलम आहे ते काढतात. टूल विकत घ्यायचं आणि टूलमध्ये काय आहे हे टूलला टाळून शोधायचं.

मुरलेली नसतात ती शोधाची खरी खिडकी वापरतात. खुर्ची मागे सरकवून मजलाभर ओरडायचं, “अरे, ग्राहकाचा पत्ता कुठल्या टेबलात असतो रे?” कोपऱ्यातले एक काका मान वर न करता नाव सांगतात. काका रजेवर असले की प्रकल्पही रजेवर. पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून रियासतकार सरदेसाईंनी वेचे छापले, त्याचे 45 खंड झाले. काकांचा एकही झालेला नाही. टेबलाला दोन ओळींची टीप जोडायची सोय बऱ्याच डेटाबेसांत आहे. ती लिहायला काकांना सवड नसते आणि लिहिलीच, तर पट्टी ती दाखवत नाही.

टूल बनवणाऱ्यांना आमची एवढीच विनंती. नावाच्या मधलं अक्षर टाकलं तरी सापडू द्या, काल उघडलेली टेबलं आज वर ठेवा, टीप नावाखालीच दाखवा, शेपूट कापू नका. आणि पुढच्या डेमोला एम्प-डेप्ट आणू नका. दहा हजार टेबलांचा डेटाबेस जोडा, परवा रुजू झालेल्या मुलीला समोर बसवा, तिला ग्राहकाचा पत्ता शोधायला सांगा आणि तेवढा वेळ काकांना चहाला पाठवा.