ट्रॅकवाले काका

न्यू जर्सीतलं एडिसन असो की कॅलिफोर्नियातलं फ्रीमॉन्ट, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला ट्रॅकवाले काका हजर असतातच. ट्रॅक रेल्वेचा नव्हे, गणिताचा. पोराला नाव विचारायच्या आधी ते विचारतात, "कितवीत?" आणि लगोलग, "अल्जेब्रा झाला?" पोरगं सहावीत असतं, हातात बटाटेवडा असतो. ते "नाही" म्हणालं की पोलिओचा डोस चुकल्यासारखे काका त्याच्या आईवडिलांकडे बघतात.

मग बोटांवर हिशेब सुरू होतो. सातवीत अल्जेब्रा वन, आठवीत जॉमेट्री, नववीत अल्जेब्रा टू, दहावीत प्रीकॅल्क्युलस, अकरावीत एपी कॅल्क्युलस बीसी आणि बारावीत कम्युनिटी कॉलेजात मल्टिव्हेरिएबल. आठवीत अल्जेब्रा घेतला तरी बारावीत कॅल्क्युलस गाठता येतो, असं कोणी म्हणालंच तर काका मंद हसतात. "येतो ना. एबी!" एबीत कॉलेजच्या साधारण एका सेमिस्टरचं कॅल्क्युलस असतं, बीसीत दोन सेमिस्टरचं. फरक एवढाच. पण काकांच्या तोंडून ऐकताना वाटतं, एबीवाल्यांच्या घरात मुलगी द्यावी की नाही, इथपर्यंत हे प्रकरण जाणार.

काकांनी स्वतः कधी विषय निवडला नव्हता. बारावीचं पीसीएम, मेरिट लिस्ट, फलकावर नाव, प्रवेश संपला. त्यामुळे 'होलिस्टिक रिव्ह्यू', म्हणजे नुसते गुण न बघता अख्खा अर्ज बघणं, ही अमेरिकन कॉलेजांनी खरी मेरिट लिस्ट लपवण्यासाठी काढलेली युक्ती आहे, असं त्यांचं ठाम मत. एमआयटीने 2022 मध्ये एसएटी ही प्रवेशपरीक्षा पुन्हा सक्तीची केली तेव्हा त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया एसएटीचे गुण प्रवेशासाठी बघतच नाही, हा मात्र त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. मुलाने घेतलेले विषय त्याच्या शाळेत काय काय शिकवतात याच्याशी ताडून बघितले जातात, त्यासाठी शाळेची माहिती अर्जासोबत जाते, हे कौन्सेलरने समजावलं, तर काका घरी येऊन म्हणतात, "बाई चांगली आहे, पण आतली गोष्ट सांगत नाही."

एएमसी या गणिताच्या स्पर्धेवर त्यांचा जीव. 75 मिनिटांत 25 प्रश्न! त्यात चमकलात की पुढची फेरी, एआयएमई : तीन तास, 15 प्रश्न आणि प्रत्येक उत्तर 0 ते 999 मधला पूर्णांक. जगातला प्रत्येक प्रश्न असाच सुटावा, ही काकांची माफक अपेक्षा.

खरी पंचाईत होते ती ॲक्टिव्हिटीजची. कॉमन ॲप या कॉलेजप्रवेशाच्या सामायिक अर्जावर दहा नोंदींची जागा आणि वर्णनाला फक्त 150 अक्षरं. काकांचा मुलगा ढोल-ताशा पथकात हौसेने ढोल वाजवतो. काका विचारतात, "पद काय?" पद नाही म्हटल्यावर त्याला पथकाचा खजिनदार करण्यासाठी फोनाफोनी होते. हिशेब काकूच ठेवतात. हाच मुलगा रोज संध्याकाळी आजीला हात धरून फिरवून आणतो. 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा प्रकार कॉमन ॲपच्या यादीत खरोखर आहे. पण काका मान हलवतात, "आई व्हिसावर सहा महिनेच असते. कंटिन्युइटी दिसत नाही."

आणि या मुलाला मनापासून घ्यायचंय एपी स्टॅटिस्टिक्स. "बाबा, मला क्रिकेटचे आकडे मांडायला आवडतात." काका हादरतात. "स्टॅट्स? अरे, ते कॅल्क्युलस न जमणाऱ्यांसाठी!" मग पुरावा : पलीकडच्या रस्त्यावरच्या मुलाने दहावीत बीसी केलं आणि तो स्टॅनफर्डला गेला. त्याच्याच वर्गातल्या दुसऱ्याने दहावीत बीसी केलं आणि त्याला स्टॅनफर्डने नाकारलं. "त्याचा निबंध कच्चा असणार." तिसरी मुलगी बीसीशिवायच गेली. "ती अपवाद." काकांचं अख्खं शास्त्र या तीन मुलांवर उभं आहे आणि दर वर्षी मंडळातले निम्मे पालक त्यावर विसंबून पोरांचे विषय ठरवतात.

तीन उदाहरणांवरून हजारो अर्जदारांचा निष्कर्ष काढू नये, हे शिकवणारा विषय नेमका स्टॅटिस्टिक्स. तेव्हा पालकहो, मुलगा मागतोय तर घेऊ द्या. आणि शाळेची हरकत नसेल तर शेजारच्या बाकावर काकांनाही बसवा.