बिशपांचं चिन्ह छापायला घेताना

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) शहागंजात क्लॉक टॉवरजवळ तुमचं फ्लेक्स आणि रबरी शिक्क्यांचं नवं दुकान आहे आणि चर्चकडून ऑर्डर आली: बिशपांचं कोट ऑफ आर्म्स छापायचंय, शिक्काही हवाय. घाबरू नका. कोणाचा फोटो मोठा आणि कोणाचा खाली कोपऱ्यात, हे वाढदिवसांच्या फ्लेक्सवर तुम्ही शिकलेलाच आहात. इथे मान फोटोच्या आकारावर नसून गोंड्यांवर ठरतो, एवढाच फरक.

तेव्हा आधी गोंडे मोजा. ढालीच्या वर रुंद काठाची हिरवी टोपी, तिच्या दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या दोऱ्या, आणि प्रत्येक बाजूला एक, त्याखाली दोन, त्याखाली तीन असे सहा गोंडे. हे बिशप. चौथी ओळ येऊन दहा झाले की आर्चबिशप. टोपी लाल आणि बाजूला पंधरा गोंडे, म्हणजे कार्डिनल. ‘खाली जागा मोकळी दिसत होती’ म्हणून डिझायनर पोराने एक ओळ वाढवली, तर बिशपांना परस्पर बढती मिळते. तो अधिकार पोपकडे आहे, कोरलड्रॉकडे नाही. ढालीमागचा क्रूसही बघा: बिशपांचा एका आडव्या दांड्याचा, आर्चबिशपांचा दोन.

ही टोपी आता कोणी घालत नाही. कार्डिनलांना लाल टोपी दिली चौथ्या इनोसंट पोपने, 1245 साली. 1969 मध्ये ती डोक्यावरून उतरली आणि कागदावर उरली. त्याच साली व्हॅटिकनने बिशपांच्या चिन्हातला मायटर, म्हणजे उंच टोकदार मुकुट, आणि हातातली वाकडी काठीही काढायला लावली. ‘जरा भारी दिसू द्या’ असं कोणी म्हटलं तरी ती परत चिकटवू नका.

रंगांचा नियम आपल्या धंद्याला जड जाईल. सोनेरी आणि चंदेरी हे धातू, बाकीचे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. हिरव्यावर लाल अक्षरं ही तुमची हौस इथे चालायची नाही.

शिक्क्यात रंगच नसतो. त्यावर सतराव्या शतकात पेत्रा सांक्ता नावाच्या जेझुइटाने रुळवलेली युक्ती आहे: उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरं म्हणजे चंदेरी. हिरव्याच्या रेघा तिरप्या, वर डावीकडून खाली उजवीकडे. त्याच उलट्या तिरप्या झाल्या की जांभळा! फाइल मिरर करायला विसरलात, तर कागदावर हिरव्याचं जांभळं उमटेल.

ब्रीदवाक्य बहुतेक लॅटिनमध्ये असतं. ऑटोकरेक्ट बंद ठेवा. इथलं कॅथेड्रल संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाचं आहे, आणि 1923 पासून ते लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते संत आहेत. प्रूफ नीट वाचलेलं बरं.

राहता राहिली ढाल. तिच्यावर काय असावं हे बिशप ठरवतात: आवडता संत, गाव, संस्था. 1977 साली अमरावतीतून वेगळ्या झालेल्या या धर्मप्रांतात प्रत्येक नव्या बिशपांबरोबर चिन्हही नवं येतं. बिशपांना वयाच्या 75 व्या वर्षी राजीनामा सादर करावा लागतो, म्हणजे काम पुन्हा निघणार. टोपी-गोंड्यांची फाइल जपून ठेवा. ढाल मात्र पुढच्यांना जुनीच खपवू नका.