बिनपगारी, फुल अधिकारी

आमच्या कॉलनीतल्या अण्णांचं रेशनकार्ड पांढरं आहे. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही आणि नेमकं त्याचंच अण्णांना कौतुक. प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते त्यांनी सेवापुस्तकाच्या झेरॉक्सशेजारी ठेवलंय. "सरकारचा दाणा घेत नाही, असं सरकारनंच लिहून दिलंय," ते सांगतात. महिन्याच्या महिन्याला जमा होणारी पेन्शन आणि त्यावरचा महागाई भत्ता या हिशेबात येत नाही. ती कष्टाची कमाई.

सांगलीत विश्रामबागेकडे अण्णांचं घर, आणि घराच्या गॅलरीसमोरच रेशनचं दुकान. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण ड्युटी काही संपलेली नाही. उलट पूर्वी निदान संध्याकाळी कचेरी सुटायची.

बाई दुकानाच्या पायरीवर चढली की अण्णा आधी चपला बघतात. मग मोबाइल. मग नखं. नेलपॉलिश लावलेला अंगठा मशीनवर टेकला की गॅलरीतून हुंकार येतो, "नखं रंगवायला पैसे आहेत, गव्हाला नाहीत." माणशी पाच किलो धान्य 2023 च्या जानेवारीपासून फुकट झालं, तेव्हापासून या हुंकाराची पट्टी वर गेलीय. पूर्वी दोन-तीन रुपये किलोनं का होईना, विकत होतं. दोन रुपयांपुरती नखं माफ होती.

मोबाइलवर त्यांचा फार राग. आता ‘लाडकी बहीण’चे पंधराशे चालू ठेवायचे तर ई-केवायसी करा म्हणून फर्मान निघालं. त्यासाठी बाईचा आधार, वर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, आणि दोन्हीकडचे ओटीपी. फोन नसेल तर पंधराशे बंद होणार. फोन दिसला तर ते बंद करायला अण्णा निघणार. बाईनं करायचं काय? तरी यातले नियम अण्णांइतके कुणालाच पाठ नाहीत. उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात चारचाकी नको, पण ट्रॅक्टर चालतो. कुठल्या बोळात कुणाच्या दारात कापडाखाली गाडी झाकलेली आहे, हेही त्यांना पाठ आहे. कुणी विचारलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मला वाटतं, अण्णांचा राग पैशावर नाही. त्यांच्या मनात गरिबीचा एक नमुना पक्का बसलाय आणि तो 1972 सालचा आहे. त्या दुष्काळात ते नुकतेच नोकरीला लागले होते. आटपाडीकडच्या खडीच्या कामावर हजेरीपट लिहायला बसायचे. बाभळीला झोळी, झोळीत पोर, आणि पोराची आई उन्हात खडी फोडतेय. दुपारी सुकडीचं वाटप. रेशनवर लाल मिलो, जो जनावरंही नाक मुरडून खात. हप्ता घेताना बाई हजेरीपटावर अंगठा उठवायची. "तिला म्हणतात गरीब," अण्णा म्हणतात आणि गप्प होतात. मग दुकानाकडे बोट. "ही बघा, केसाला क्लिप लावून आलीय."

खडी फोडून फोडून त्या बायकांचे अंगठे घासून सपाट झाले असणार. आजच्या मशीननं त्यातल्या कितीजणींना ओळखलं असतं, देव जाणे. पण अण्णांच्या मते त्यानंतर महाराष्ट्रात कुणी खरं गरीब झालंच नाही. झालं असेल, तर खात्याला कळवलेलं नाही.

शिवाय गरिबांच्या योजना आपण पोसल्या, अशी त्यांची खात्री. याला आधार आहे, नाही असं नाही. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेल्या रोजगार हमीला पैसा हवा म्हणून 1975 पासून राज्यानं नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानं 1977 मध्ये केला, दिल्लीला तसा करायला 2005 उजाडलं. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराचं काम चालवायचं, अशी ती सरळ मांडणी होती. ती अण्णांनी अंगाला लावून घेतली. हा कर वर्षाला अडीच हजारांच्या वर घेता येत नाही, घटनेनंच लगाम घातलाय. तेवढ्यात अण्णांनी राज्यभरचे पाझर तलाव खणले, नाला बांध घातले, रस्ते केले. जुन्या राजांनाही इतकं स्वस्त जमलं नसतं.

सगळ्यात कडक तपासणी लेकुरवाळ्या पोरींची. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये काम करणारा एक पोरगा आहे, तेविशीचा. बायको वीस वर्षांची, कडेवर लेक. "मिसरूड फुटलं नाही तोवर बाप! पोरं यांनी काढायची आणि पोसायची आम्ही." हे पोसणं म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळंतपणाचे पाच हजार, तेही दोन हप्त्यांत. आधी तीन हजार, आणि बाळाची नोंद व सुरुवातीच्या लसी झाल्यावर दोन. पाच हजारांच्या लोभानं पोर होऊ देणारं आणि त्यातच ते वाढवून दाखवणारं जोडपं कुठं भेटलं, तर त्यांना मंत्रालयात अर्थखात्यात बसवायला हरकत नाही. ‘लाडकी बहीण’ला एकवीस पूर्ण लागतात, तेव्हा ते या पोरीला मिळत नाही. विसाव्या वर्षी सरकारदरबारी ती आई झालीय, बहीण व्हायला अजून वेळ आहे.

एका सकाळी हीच पोरगी अण्णांच्या दारात उभी राहिली. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे की फॉर्म अडला की अण्णांकडे जायचं.

"अण्णा, एक रुपाया आला न्हाई ओ. अंगणवाडीतल्या बाई म्हणत्यात, गेलेत."

"आधार कुठल्या खात्याला चिकटलंय?"

"पासबुक दिलंय की त्यांस्नी."

"पासबुक दिलंयस ते कळलं. आधार कुठं चिकटलंय ते विचारतोय."

अण्णांनी चष्मा लावला. तासाभरात छडा लागला. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी जत तालुक्यात माहेरी तिचं एक खातं उघडलं होतं. आधार तिथंच राहिला होता. खातं झोपलेलं, त्यावर नाव माहेरचं, आणि पैसे कुठं अडकलेत ते तिला सांगणारं कुणी नाही.

"नियमात बसतंय ना? मग मिळालंच पाहिजे!" अण्णा गरजले. ही गर्जनाही तितकीच खरी. नियमाबाहेर कुणाला दमडी मिळाली तर त्यांचा रक्तदाब वाढतो, आणि नियमातलं कुणाचं राहिलं तरी वाढतो.

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीनं निघाले. पोरीला महिला सन्मानचं अर्धं तिकीट. अण्णांची पंचाहत्तरी उलटलेली, त्यांना पूर्ण माफी. कंडक्टरनं दिलेलं शून्य रुपयांचं तिकीट घडी घालून त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवलं आणि मागच्या सीटवरच्या गृहस्थांना सांगायला सुरुवात केली की लोकांना फुकटाची सवय लागलीय. मिरज मागं पडलं. पुढं कवठेमहांकाळपर्यंत देश बुडत होता. पोरगी झोपली होती. तिची लेक अण्णांच्या मांडीवर होती आणि चष्म्याच्या घराशी खेळत होती.

बँकेत काय झालं ते अण्णा स्वतः सांगत नाहीत, पोरगी सांगते. "पयल्यांदा ते म्हणाले, उद्या या. अण्णा खुर्चीतनं उठलंच न्हाईत. जेवायची सुट्टी झाली तरी बसून." लग्नाचा दाखला, दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत साक्षांकित करून, सगळं अण्णांच्या पिशवीत आधीच होतं. खातं जागं झालं. आत मातृवंदनेचे पाच हजार होते, आणि आठवीच्या शिष्यवृत्तीतले थोडे, व्याजासकट.

पंधरा दिवसांनी अण्णांना गॅलरीतून दिसलं की त्या बाळाच्या पायात चांदीचे वाळे आहेत.

"मातृवंदनेच्या पैशात वाळे! पोषणासाठी देतात ते. शासन निर्णयात कुठं बसतं हे?" खाली रेशनच्या रांगेनं माना वर केल्या. पोरगी काही बोलली नाही. बाळानं पाय आपटले, वाळे वाजले.

त्या रात्री अण्णांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू होता. सकाळी ते स्वतः गॅरेजपर्यंत चालत गेले.

"वाचला सगळा. पैसे कशावर खर्च केले त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र मागत नाहीत. चालतंय," ते तिला म्हणाले. दोन पावलं जाऊन परत वळले. "पण सराफाची पावती जपून ठेव."