जेलीमीमांसक

लग्नाच्या जेवणात लाल-हिरवी, डळमळणारी वाटी समोर येताच ती खाण्याआधी तिच्या नावाचा अर्थ लावण्याची निकड ज्या गृहस्थास भासते, त्यास जेलीमीमांसक म्हणावे. ही जात सर्वत्र आढळत असली, तरी पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या पुरुषोत्तमनगरात, जेथे साखरेचा तोटा नाही आणि पपईच्या बागाही मुबलक आहेत, तिला विशेष पोषक हवामान लाभते. वरण-बट्टी संपेपर्यंत त्याचे तोंड अन्य कामात गुंतलेले असल्याने मीमांसा शेवटच्या गोडापाशीच सुरू होते.

त्याचे पहिले प्रमेय असे की, अमेरिकेत जेली म्हणजे पावाला लावण्याचा फळरसाचा घट्ट पाक, आपल्या पेरूच्या जेलीसारखा; वाटीतल्या पदार्थास तेथे ‘जेल-ओ’ म्हणतात, आणि ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल वेट याने 1897 मध्ये काढलेल्या मालाचे व्यापारी नाव होय, जसे वनस्पती तुपाला डालडा. ही माहिती खरी असल्यामुळेच ऐकणाऱ्याची सुटका होत नाही. दुसरे प्रमेय सोवळ्याचे: जिलेटिन हे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेले प्रथिन, सबब वाटी वर्ज्य. जिलेटिन म्हणजे विहिरीच्या सुरुंगाची कांडी एवढेच ठाऊक असलेला शेजारचा शेतकरी हे ऐकून वाटी हळूच दूर सारतो. त्याचे कारण वेगळे असले, तरी मीमांसक त्यास आपल्या शिष्यांत गणतो.

घरी मात्र हे पांडित्य लंगडे पडते. ताज्या पपईतील पपेन हे विकर, म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणारे द्रव्य, जिलेटिनला गोठूच देत नाही. बागेतली पपई घालण्याचा आग्रह मीमांसकाचा असतो आणि पातळ जेलीचा दोष सुनेच्या हातगुणाला लागतो.

मांडवातील वादाचा निकाल तर मे महिन्याचे ऊनच लावते. जिलेटिनची जेली 35 अंश सेल्सिअसच्या आसपासच पातळ होते, तर समुद्रशैवालापासून काढलेल्या आगरची, म्हणजे चायना ग्रासची, वितळण्यास 80 अंशांहून अधिक उष्णता मागते. तेव्हा पारा चाळिशीपलीकडे गेलेला असताना बर्फाविना जी जेली ताठ उभी आहे, ती जिलेटिनची नव्हे, आणि शाकाहारी पाहुण्यांनी ती मीमांसा संपण्याची वाट न पाहता खावी.