निजानीज खात्याचे आजोबा

भिवपुरी रोड स्टेशनच्या आसपास ज्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या पुष्कळ घरांत एक सरकारमान्य नसलेलं खातं चालतं. आईबाप सकाळची लोकल पकडून मुंबईला जातात. जायला दोन तासांच्या वर, यायला तितकेच. मधल्या वेळात आठ-दहा महिन्यांच्या बाळाचा ताबा आजीआजोबांकडे. आजीकडे बाळाचं खाणं, आंघोळ, तेल, लंगोट आणि उरलेलं सगळं घर असतं. आजोबांकडे बाळाची दुपारची झोप. ही वाटणी कुणी केलेली नसते. रेल्वेतून, टाटांच्या वीजघरातून किंवा मुंबईतल्या एखाद्या कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला हुकमत गाजवायला काहीतरी लागतं, आणि घरात हुकूम सोडावा अशी एकच व्यक्ती उरलेली असते. तीही जागेपणी ऐकत नाही, म्हणून आजोबा तिच्या झोपेचा कारभार हाती घेतात. दीड वाजला की खातं उघडतं. कुकर अजून गॅसवर असेल तर तिसऱ्या शिट्टीच्या आत आजोबा गॅस बंद करतात, आणि डाळ बोटचेपी राहिली अशी तक्रारही रात्री तेच करतात. बेलच्या बटणावर चिकटपट्टी, दारावर ‘बाळ झोपले आहे’ अशी पाटी. ती वाचून कुरिअरवाला बेल न वाजवता फोन करतो, आणि आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात आरती सुरू होते. खाली भंगारवाला ओरडला की आजोबा गॅलरीतून जोरजोरात हातवारे करतात. त्याला वाटतं माल द्यायचाय, म्हणून तो तिसऱ्या मजल्यावर पोचेल अशा बेतानं ‘किती किलो?’ विचारतो. या सगळ्यावर आजोबांचं हत्यार एकच, ‘शूऽऽऽ’. ते घरातल्या कुठल्याही आवाजाहून मोठं असतं. शिवाय आजी रोज वेगळ्याच कामासाठी बाळाला हाच आवाज ऐकवत असते, त्यामुळे दुपटं बदलावं लागतं ते निराळंच.

आता माझं म्हणणं असं की, ही चिडीचूप शांतता आजोबांची गरज आहे, बाळाची नव्हे. १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून मुंबई-पुण्याच्या गाड्या या पट्ट्यातून धडधडत जातात, आणि रुळांलगतच्या घरांतली बाळं त्याच धडधडीत झोपून मोठी झाली आहेत. खुद्द आजोबा इथले असतील तर तेही. कर्जत-खालापूरकडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतली बाई भातलावणीला जाते तेव्हा बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधते. भोवती पाऊस, ओढा, चिखल तुडवणारी माणसं, त्यांच्या हाका. आणि झोळीत बाळ गाढ. हे कुणी मोजून पाहिलं आहे का, असं आजोबा विचारतील, कारण मोजल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. मोजलं आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात एकसुरी घरघर ऐकवलेल्या २० बाळांपैकी १६ बाळं ५ मिनिटांत झोपली. न ऐकवलेल्या २० पैकी ५च. ती बाळं नवजात होती, दहा महिन्यांची नव्हती, हे आजोबांनी जरूर दाखवून द्यावं. झोळीतली नवजात नसतात.

त्यांचा खरा आक्षेप पुढे आहे आणि तो वजनदार आहे. लोकल चालते हो, पण वाटी पडली की बाळ दचकतं, त्याचं काय? दचकतंच. पण झोप मोडते ती बहुतेक वेळा आवाजानं नव्हे, अचानकपणानं. चालू पंख्याच्या घरघरीत पडलेली वाटी आणि पंखादेखील बंद केलेल्या खोलीत पडलेली वाटी, यांत दुसरी कितीतरी मोठ्यानं पडते. म्हणजे पहारा जितका कडक, तितकी वाटी घातक. दुसऱ्या टोकाला सूनबाई घरघरीचं यंत्रच ऑनलाइन मागवतात, तेही नको. २०१४ साली तपासलेल्या अशा १४ यंत्रांपैकी ३ यंत्रांचा पुरा सोडलेला आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला होता. छताचा पंखा पुरतो.

पण आजोबांच्या हातून खरा घात होतो तो पाऊण तासानं. लहान बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण ५० मिनिटांचं असतं. ते संपताना बाळ हात झाडतं, कण्हतं, हसतं, एखादा डोळा किलकिला करतं. जुन्या बायका ‘सटवाई हसवतेय’ म्हणून आपल्या कामाला लागत, आणि त्या मधल्या वेळात बाळ पुष्कळदा पुढच्या झोपेत शिरत असे. आजोबा कामाला लागत नाहीत, तपासणीला येतात. दार करकरतं, गुडघा वाजतो, वाकताना नाकावरचा चष्मा बाळाच्या पोटावर पडतो. मग वहीत नोंद होते : ‘आजही फक्त ४५ मिनिटे.’ शेजारच्या विंगमधला नातू दोन तास झोपतो, हे शल्य त्याच पानावर समासात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप सांगितली आहे. संघटना चार तासांची सूट देते. आजोबा दहा मिनिटांची देत नाहीत.

मग काय, बाळाला वाटेल तेव्हा झोपू द्यायचं? तसं नाही, आणि इथे आजोबांची बाजू अर्धी तरी खरी आहे. पहिले तीन-चार महिने सोडले तर बाळाला शिस्त मानवते; फक्त ती घड्याळाची नसते, क्रमाची असते. न्हाऊ घालणारी बाई कधी नवाला येई, कधी दहाला. पण तेल, कढत पाणी, दुपटं, दूध, थोपटणं हा क्रम हलत नसे. (त्यातली धुरी मात्र गेली ते बरं झालं.) बाळ डोळे चोळायला, कान ओढायला लागलं की वेळ झाली. आजोबा तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजायची वाट बघत असतात, आणि दीडला घेतात तेव्हा बाळ पेंगून, चिडून, रडून मोकळं झालेलं असतं. त्यावरही उपाय आहे. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली सांगितलं, की रडणाऱ्या बाळाला घेऊन ५ मिनिटं चालावं, झोप लागली की ५ ते ८ मिनिटं तसंच घेऊन बसावं आणि मगच खाली ठेवावं. आजोबा चालतात मन लावून. बसत नाहीत, प्रकरण लगेच निकालात काढतात.

खातं बंद करा असं कुणी म्हणत नाही. पहारा द्यावा, पण बाळ पाठीवर निजलंय, गादी घट्ट आहे, जवळपास उशी, जाड गोधडी, मऊ अस्वल काही नाही, एवढ्यावर. ते बघायला मिनिटभर लागतं. नंतर घरच्यांनी आजोबांनाच शेजारच्या खोलीत अंथरूण घालून द्यावं आणि मधलं दार उघडं ठेवावं. भरल्या पोटी त्यांना झोप लागायला वेळ लागत नाही, आणि त्यांचं घोरणं एकसुरी असतं. बाळाची त्याला हरकत नसते.