घोडे बदलण्याचे ठिकाण

सन 1949 हे वर्ष आमच्या टापूच्या इतिहासात दोन कारणांनी स्मरणीय ठरले आहे. त्या वर्षी मुंबई सरकारने दारूबंदीचा कायदा केला, आणि त्याच वर्षी, ऑगस्टच्या 8 तारखेस, सिंध सोडून कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या निर्वासितांच्या वसाहतीस गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी उल्हासनगर असे नाव दिले. हेच राजाजी 1937 साली मद्रास इलाख्याचे मुख्य प्रधान असताना सेलम जिल्ह्यात दारूबंदी अमलात आणणारे पुरुष होत. तेव्हा त्यांच्या मनातील उल्हास हा उल्हास नदीवरून आलेला असून त्यात पाण्याखेरीज अन्य द्रवाचा अंश नव्हता, याविषयी कोणी शंका घेऊ नये. पुढील पाऊणशे वर्षांत त्या शब्दाचा अर्थ कॅम्प नंबर एकपासून पाचपर्यंत आणि तेथून अंबरनाथ-बदलापुराकडे किती विस्तार पावला, हे रात्री साडेदहाच्या सुमारास कल्याण-बदलापूर रस्त्याच्या कडेने पायी जाण्याचे साहस ज्याने केले असेल त्यास निराळे सांगावयास नको.

दारूबंदीचा तो कायदा रद्द झाला आहे असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. तो हयात आहे, धडधाकट आहे, आणि दारूच्या दुकानांना परवाने त्याच्याच आधारे मिळतात. पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा अशी त्याची आज्ञा आहे. आणि ज्या खोलीत हा परवाना कोणीही कोणास विचारीत नाही तिला आपण परमिट रूम म्हणतो. मात्र पिऊन वाहन हाकणाऱ्याच्या बाबतीत सरकारने असा संदिग्धपणा ठेवलेला नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमाने त्यास 100 मिलिलिटर रक्तामागे 30 मिलिग्रॅम मद्यार्काची सनदच करून दिली असून, त्या मर्यादेचे उल्लंघन केल्यास पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तजवीज आहे. या सनदेत समतेचे तत्त्व किती कसोशीने पाळले आहे ते पाहण्यासारखे आहे: भाजीची पिशवी हँडलला अडकवून स्कूटरवरून घरी निघालेला गृहस्थ आणि अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतून रसायनाचा टँकर घेऊन निघालेला चालक या दोघांना माप एकच. पोटात घेण्याचे माप सारखे; अंगावर घालण्याचे तेवढे वेगळे.

2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरांच्या आत दारूविक्रीस मनाई केली, तेव्हा आता दुकाने हलणार असे काही भाबड्या लोकांस वाटले. परंतु दुकान हलविणे खर्चाचे काम. त्यामानाने महामार्ग हलविणे पुष्कळच सोपे. अनेक राज्यांनी दफ्तरातली एक नोंद खोडून आपले महामार्ग नगरपालिकांच्या स्वाधीन केले. डांबर तेच, खड्डे तेच, त्यांवरून धावणारे ट्रक तेच. महामार्ग तेवढा अंतर्धान पावला. पुढे 2017 च्या जुलैत न्यायालयानेच खुलासा केला की, नगरपालिका हद्दीतील दुकानांना ही मनाई लागू नाही. आमच्या रस्त्याचे दैव असे की, कल्याण सोडल्यापासून तो उल्हासनगर महानगरपालिकेच्या हातून अंबरनाथ नगरपरिषदेच्या आणि तिच्या हातून कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हाती जातो, आणि नागरी स्वराज्याच्या या प्रेमळ परंपरेतून बाहेर पडण्याची त्यास संधीच मिळत नाही. अंबरनाथचे शिवालय शके 982 पासून सुरक्षित उभे आहे, त्याचे एक कारण ते या रस्त्यावर नाही हे असावे.

आता थट्टा क्षणभर बाजूस ठेवतो. 22 डिसेंबर 2024 ची मध्यरात्र उलटून गेल्यावर पुण्याजवळ वाघोलीच्या केसनंद फाट्यापाशी, अमरावतीकडून कामाच्या शोधात आलेली मजुरांची कुटुंबे पदपथावर निजली होती. त्यांच्या अंगावरून एक डंपर गेला. तीन जीव गेले, त्यांतली दोन तान्ही मुले होती. सहा जण जखमी झाले. चालक दारू प्यायलेला होता, असे पोलिसांनी सांगितले. पदपथ काही निजण्याची जागा नव्हे, हे नेहमीचे वाक्य त्याही वेळी ऐकू आले. ते खरेच आहे. पण पदपथ डंपरचाही नव्हता.

कायदा अशा प्रसंगी काय करतो याचा मोठा दाखला आपल्याच राज्यात आहे. 2006 च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर अशाच निजलेल्या सात मजुरांचे प्राण एका मोटारीने घेतले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के मद्यार्क निघाला, म्हणजे सनदेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची कैद फर्मावली. हिशेब केला तर मयतामागे पुरता महिनाही भरत नव्हता. उच्च न्यायालयाने ती तीन वर्षांवर नेली, आणि 2012 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करताना असेही नमूद केले की, ही शिक्षा अपुरी आहे, परंतु वाढवून मागण्यासाठी सरकार आमच्यापुढे आलेच नाही. सरकारला वेळ झाला नसेल. पुढे 1 जुलै 2024 पासून दंडविधान जाऊन न्यायसंहिता आली, निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याबद्दलची कैद दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत वाढली, आणि अपघात करून खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे एक पोटकलमही लिहिले गेले. त्यावर जानेवारीतच चालकांनी संप केला होता; पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. परिणामी संहिता अमलात आली ती त्या पोटकलमास वगळून. पळून जाणाऱ्यांसाठी लिहिलेले कलमच मागच्या दाराने पसार व्हावे, हा योगायोग कोणा विनोदकारास सुचला नसता.

बदलापूर या नावाची उपपत्ती अशी सांगतात की, पूर्वी प्रवासी आणि स्वार येथे आपले दमलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत. घोडे गेले, बदलण्याची विद्या मात्र राहिली आणि ती सबंध महाराष्ट्रात पसरली. अपघात झाला की प्रथम ट्रकचा चालक बदलतो: जो स्टिअरिंगवर होता तो अंधारात नाहीसा होतो, आणि सकाळी पोलीस ठाण्यात मालकाबरोबर जो हजर होतो त्याच्या तोंडास दर्प नसतो, डोळे तांबारलेले नसतात, आणि आपण गाडी चालवीत होतो हेदेखील त्यास नुकतेच कळलेले असते. तो जबानी देतो की ब्रेक फेल झाले. मग रक्ताचा नमुना. 2024 च्या मे महिन्यात पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणाऱ्या मोटारीच्या खटल्यात नमुना बदलल्याचा आणि घरच्या चालकास आरोप अंगावर घेण्यास भाग पाडल्याचाही आरोप आहे. खरेखोटे न्यायालय ठरवील. त्या प्रकरणात अल्पवयीन आरोपीस जामीन देताना प्रथम 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली होती, हे वाचून मला वैयक्तिक दुःख झाले. गेली कित्येक वर्षे मी दर आठवड्यास त्याहून मोठा निबंध लिहीत आलो आहे. मजकडून कोणता गुन्हा घडला ते अद्याप कोणी सांगितलेले नाही.

चालकानंतर मालक बदलतो. फिर्यादीत ज्याचे नाव आले तो म्हणतो, गाडी मी दोन वर्षांमागेच विकली; घेणारा म्हणतो, माझ्या नावावर अजून झालीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगून टाकले की, नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, एरवी ही गाडी कोणाचीच ठरली नसती. राहिली विमा कंपनी. पूर्वी चालक प्यायलेला होता ही सबब कंपनीच्या कामी कायद्याने येत नव्हती. 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या 150 व्या कलमात त्या सबबीचाही समावेश झाला आहे. त्यामुळे एक मौज झाली. फौजदारी न्यायालयात चालकाचा वकील शपथेवर सांगतो की, माझ्या अशिलाने दारूचा थेंब घेतलेला नाही, ते खोकल्याचे औषध होते. आणि दिवाणी बाजूस तोच प्रसंग सांगताना कंपनीचा वकील त्याच माणसाच्या झोकांड्या अशा काही रंगवतो की, ऐकणाऱ्यास चढावी. अनेक न्यायालये मग असा हुकूम करतात की, कंपनीने जखमीस आधी पैसे द्यावे आणि मागाहून मालकाकडून वसूल करावे. हा हुकूम उत्तम आहे. तो मिळेपर्यंत किती तारखा पडतात, एवढाच प्रश्न.

या सर्व बदलाबदलीत एकच इसम असा आहे की, जो कशानेही बदलत नाही. कल्पनेने त्यास उभा करू: वय 34, अंबरनाथमधील मोरिवलीच्या कारखान्यात फिटर, पगार 18,000 रुपये, घरी बायको, आई, दोन मुले. दुसरी पाळी सुटल्यावर तो रस्ता ओलांडीत होता. तो जागीच मेला असता तर मोटार अपघातांची भरपाई ठरविणाऱ्या न्यायाधिकरणाचे काम सोपे होते. पगारात भावी वाढीचे 40 टक्के मिळवा, म्हणजे 25,200. बारा महिन्यांचे 3,02,400. त्यातून चौथा हिस्सा वजा करा, कारण तेवढे त्याने स्वतःच खाल्ले-प्यायले असते. उरले 2,26,800, त्यास वयाचा गुणक 16, एकूण 36,28,800 रुपये. अंत्यविधी आणि वियोग यांचे आणखी थोडे वेगळे. मयत मनुष्य कायद्यास फार सोयीचा असतो. तो कधी डॉक्टर बदलीत नाही.

पण आमचा फिटर जगला, आणि हाच त्याचा अविचार. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातून त्यास कळव्यास आणि कळव्याहून मुंबईस न्यावे लागले. 2025 च्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्तास दीड लाखापर्यंतचे उपचार पहिले सात दिवस विनामूल्य आहेत. मांडीच्या हाडाला ही मुदत कोणी कळविलेली दिसत नाही. पाय गुडघ्याखाली काढला. मग अपंगत्वाची टक्केवारी. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात हाताच्या अंगठ्याचे मोल शेकडा 30 आणि सबंध पंजाचे शेकडा 60 असे छापलेले होते. परंतु 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने समजावून दिले की, डावा हात गमावलेला सुतार कमाईस पूर्ण मुकतो, तर सरकारी कारकुनाची नोकरी तशीच चालू राहू शकते, तेव्हा टक्केवारी शरीराची न मोजता रोजगाराची मोजावी. निवाडा न्यायाचा आहे; आणि सरकारी कारकुनास कामासाठी किती अवयव लागतात याविषयीचे त्यातील निरीक्षणही मार्मिक आहे. फिटर साक्षीस उभा राहतो, एका पायावर, तेव्हा सामनेवाल्यांचा वकील त्यास विनयाने विचारतो, आपणास बसून काही करता येणार नाही काय? लॉटरीची तिकिटे? आणि त्या वेळी आपण रस्त्याच्या मध्यभागी का होता? पदपथ कोठे आहे ते साक्षीदारास सांगता येत नाही. वकिलासही येत नाही. अंबरनाथ ते बदलापूर या रस्त्यावर तो शोधू गेल्यास दुकानांच्या फळ्यांखाली सापडण्याचा संभव आहे.

आणि दारू विकणारा? त्याचे नाव अर्जात नसते. त्याने परवान्याप्रमाणे विकली, सरकारने परवान्याप्रमाणे कर घेतला, आणि दोघांच्याही हातून काही बेकायदेशीर घडलेले नाही.

वाचकांस एक व्यावहारिक सूचना करतो. धडक देणाऱ्या गाडीचा नंबर दिसला तर लिहून ठेवावा. आमच्याकडे तो बहुधा एम.एच. 05 ने सुरू होतो. भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा, असे मोटार वाहन कायद्याच्या 166 व्या कलमात 2022 पासून लिहिलेले आहे. ही मुदत अपघाताच्या दिवसापासून मोजतात. शुद्धीवर आल्याच्या दिवसापासून नव्हे.