चोर आलाच नाही

आमच्या घरी आजवर एकदाही चोरी झालेली नाही. तरीही, किंवा म्हणूनच, आम्ही पिढ्यान् पिढ्या चोराच्या तयारीत आहोत. रेल्वेच्या शयनयान डब्यात खालच्या बाकाखाली सामान बांधायला तारेच्या कड्या असतात, याचा पुष्कळ प्रवाशांना पत्ताच नसतो. मी गाडीत चढलो की आधी त्या कड्या चाचपतो आणि मग निरोप द्यायला आलेल्यांना हात हलवतो. फलाटावर विकायला येणाऱ्या साखळ्यांपैकी कुठली नुसत्या हिसक्याने तुटते, यावर मी तासभर बोलू शकेन. अजून कुणी बोलावलेलं नाही.

असा मी इंग्लंडला लेकीकडे गेलो आणि जावईबापूंनी जाहीर केलं, "बाबा, या सुट्टीत आपण कॅराव्हॅन घेऊन लेक डिस्ट्रिक्टला जायचं."

त्यांची कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. तिला स्वतःचं इंजिन नसतं. मोटारीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्याला ती अडकवायची आणि ओढत न्यायची. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं. सगळे कौतुकाने फ्रिज उघडून बघत होते. मी बाहेर त्या गोळ्याकडे बघत होतो. अख्खं घर न्यायला आम्हाला एक गोळा पुरतो, तर चोरालाही तेवढाच पुरणार!

जावईबापू म्हणाले, अगदी बरोबर. म्हणूनच त्या जोडावर बसवायचं हिच लॉक असतं आणि चाकाला घालायचा व्हील क्लॅम्प असतो. ही दोन्ही नसली तर तिकडच्या बऱ्याच विमा कंपन्या चोरीची भरपाई देत नाहीत. शिवाय १९९२ पासून तिकडे कॅराव्हॅनची केंद्रीय नोंद होते. प्रत्येकीचा १७ अंकाक्षरांचा क्रमांक असतो, तो खिडक्यांच्या काचांवरही कोरलेला असतो. हे मला फार पटलं. आपण लग्नात आलेल्या पातेल्यावर नाव घालून घेतो, तशातलीच ही गोष्ट. पण नाव घातलेली आमची किती पातेली परत आली, हे आठवून मी आणखी बंदोबस्त करायचं ठरवलं.

कॅराव्हॅनच्या इतिहासात चोराचा विचार करणारा माझ्या तोलाचा एकच माणूस मला सापडला. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. आरमारातला निवृत्त डॉक्टर. १८८५ मध्ये त्याने निव्वळ हौसेखातर 'वॉन्डरर' नावाची कॅराव्हॅन ब्रिस्टलला बांधून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि थेट स्कॉटलंड गाठलं. सोबत गाडीवान, नोकर, एक अगडबंब न्यूफाउंडलंड कुत्रा आणि एक काकाकुवा. या माणसाला बंदोबस्त कळत होता. आमच्याकडे कुत्रा नव्हता, काकाकुवा नव्हता. मी होतो.

लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकजवळच्या कॅराव्हॅन-तळावर पोचल्या पोचल्या मी कामाला लागलो. आधी गॅसचा सिलिंडर. तो कॅराव्हॅनच्या नाकाडात एका कप्प्यात असतो आणि तो लंपास होऊ शकतो, असं मी ऐकून होतो. लेकीची लाल नेलपॉलिश घेऊन मी त्याच्यावर ठळक अक्षरांत आडनाव घातलं, खाली 'पुणे'. दुसऱ्या दिवशी गॅस संपला. जावईबापूंनी तो रिकामा सिलिंडर दुकानात दिला आणि भरलेला आणला, कारण तिकडेही सिलिंडर कंपनीचा असतो, आपल्या मालकीचा फक्त आतला गॅस. आमचं आडनाव सध्या इंग्लंडात कुणाची तरी अंडी उकडत असेल. मी नवीन सिलिंडरवर पुन्हा नाव घालायला निघालो तेव्हा लेकीने नेलपॉलिश लपवली. माझ्या अनुभवात त्या सहलीतली ही पहिली चोरी.

मग खुर्च्या. घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, पाण्याचं लोळवत न्यायचं पिंप आणि नातीची सायकल, या सगळ्यांतून मी एक पोलादी केबल ओवली, ती कॅराव्हॅनच्या सांगाड्याला अडकवली आणि कुलूप घातलं. आजूबाजूचे लोक टेबलावर चष्मे, मोबाइल, अर्ध्या बाटल्या टाकून खुशाल फिरायला जात होते. आम्हीही फिरायला निघालो, तर वाटेत एका शेताच्या फाटकाशी अंडी ठेवलेली दिसली आणि शेजारी पैसे टाकायचा डबा. विकणारा माणूस नाही! मी अंडी घेतली, पैसे टाकले आणि डबा कुणी उचलून नेऊ नये म्हणून तिथे थोडा वेळ उभा राहिलो. ही मला थांबून म्हणाली, "अहो, लोकांना वाटेल तुम्हीच टपून बसलाय."

आता त्या भागाची एक गंमत सांगायला हवी. केझिकपासून जवळच सीथवेट आहे, आणि इंग्लंडातलं सर्वांत पावसाळी वस्तीचं ठिकाण म्हणून त्याची ख्याती आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. आंबोलीचा माणूस याला हसेल, पण आंबोलीचा माणूस खुर्च्या केबलने बांधून बाहेर ठेवत नाही. पहिला थेंब पडला की सगळा तळ एका हाताने खुर्च्या उचलून ऑनिंगखाली नेई, म्हणजे कॅराव्हॅनला जोडलेल्या कापडी मांडवात. मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर पळे. हिच लॉकची, क्लॅम्पची, केबलची, सायकलची, सगळ्या किल्ल्या चुलत भावंडांसारख्या दिसणाऱ्या. योग्य ती सापडेपर्यंत खुर्च्या निथळत असत आणि पाऊस थांबलेला असे. चोराने त्या खुर्च्या नेल्या असत्या तर त्याला आधी पिळाव्या लागल्या असत्या.

रात्रीचा अलार्म हाही माझाच आग्रह. आत हालचाल झाली की तो किंचाळतो. रात्री दोन वाजता आत हालचाल कोण करतं, हे साठी ओलांडलेल्या वाचकांना समजावून सांगायला नको. तळावर अकरानंतर शांतता पाळायची असते. सकाळी वॉर्डनबाई येऊन इतक्या गोड शब्दांत बोलून गेल्या, की ती तंबी होती हे मला जेवणानंतर कळलं.

पण खरा पराक्रम तिजोरीचा. कॅराव्हॅनच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या बाजूला एक छोटं दार होतं. त्याला कुलूप. आमच्या घराण्याचा सिद्धान्त असा की ज्याला कुलूप त्याच्या आत मोलाची वस्तू. उघडून पाहिलं तर आत चाकं आणि दांडा असलेली एक भक्कम पेटी, आणि तिच्या शेजारी वीतभर मोकळी जागा. मी पासपोर्ट आणि पौंडांची पुंगळी चितळ्यांच्या बाकरवडीच्या रिकाम्या पिशवीत घातली, ती तिथे सारली, कुलूप लावलं आणि कुणालाही बोललो नाही. गुप्तता हा बंदोबस्ताचा प्राण.

तो कप्पा संडासाचा होता. पेटी म्हणजे मैल्याची टाकी. ती बाहेरून ओढून काढायची, ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची आणि धुऊन परत सरकवायची. मी रोज आत बसत होतो, पण पुढे ते कुठे जातं हा प्रश्न मला पडला नव्हता. पुण्यातही पडत नाही.

दुसऱ्या दिवशी पैसे काढायला गेलो तर दार सताड उघडं. पिशवी नाही, पेटीही नाही! चोराने नुसती तिजोरी फोडली नव्हती, अख्खी उचलून नेली होती. खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आला त्याच्या आधी मला अभिमान वाटला. इतक्या वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती. मी धावत वॉर्डनबाईंकडे गेलो आणि आमची तिजोरी चोरीला गेल्याचं सांगितलं. त्यांनी वही काढली. केवढी होती? मी हाताने माप दाखवलं. रंग? करडा. कुणावर संशय? पलीकडच्या जागेतले एक वयस्कर गृहस्थ रोज मला हसून 'मॉर्निंग' म्हणत, एवढ्या पुराव्यावर मी त्यांच्याकडे बोट दाखवणार, तोच समोरच्या वाटेने जावईबापू शीळ घालत ती तिजोरी चाकांवरून ओढत आणताना दिसले.

वॉर्डनबाईंनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि विचारलं, "ही का?"

पिशवी जावईबापूंनी वापरलेल्या हातमोज्यांची समजून तिथल्याच कचरापेटीत टाकली होती. ती मीच काढली. तपशील विचारू नका. पासपोर्ट चांगले आहेत, एवढं सांगतो.

निघायच्या दिवशी मला कशालाही हात लावू दिला नाही. मी पुढे डाव्या बाजूला बसलो. जावईबापूंनी क्लॅम्प काढला, हिच लॉक काढलं, कॅराव्हॅन जोडली आणि सायकल, पिंप, टेबल आत भरलं. खुर्च्या मी आदल्या रात्री पाऊस लागू नये म्हणून कॅराव्हॅनच्या पोटाखाली सारल्या होत्या, केबलसकट. तळावर ताशी ५ मैलांची मर्यादा असते. आमची वरात निघाली तशी दोन्ही बाजूंची माणसं हात हलवू लागली. आम्हीही हलवले. लोक किती माया लावतात, असं ही म्हणाली. तेवढ्यात लांब आरशात मला दिसलं, 'मॉर्निंग'वाले गृहस्थ कॅराव्हॅनच्या मागे धावत होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत आमच्या खुर्च्या होत्या.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" मी ओरडलो. "थांबू नका, माणूस सराईत आहे!"

खुर्च्या खरचटू नयेत म्हणून ते बिचारे त्या उचलून धरून धावत होते. केबल अजून सांगाड्यालाच होती. गाडी थांबली तेव्हा त्यांनी धापा टाकत खुर्च्या खाली ठेवल्या आणि माझीच माफी मागितली. त्या देशात तशी रीत आहे.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, तेव्हा हा प्रसंग तुमच्यावर इथेही येऊ शकतो. म्हणून सांगतो. मागून ओढायची कॅराव्हॅन असेल तर हिच लॉक आणि व्हील क्लॅम्प जरूर लावा. विम्याच्या अटी निघण्याआधी वाचा. खुर्च्या रात्री आत घ्या. पासपोर्ट अंगावर ठेवा. आणि सोबत सासरे असतील तर किल्ल्या त्यांच्या हाती देऊ नका.